फरशीतले गवत आणि गोदामातली ओल

चंद्रपूर-गडचिरोलीकडे पहिला पाऊस पडला की दुकान-गोदामांपुढच्या फरशीच्या सांध्यांतून हरळी आणि गाजरगवत डोके वर काढते. आपले व्यापारी बंधू त्याकडे लक्ष देत नाहीत. पण गवत माती अडवते, माती ओल धरते, ओलीमागून वाळवी येते आणि मालाची नासाडी होते. आम्हा कापडवाल्यांना हे सांगायला नको.

दुर्लक्षाचा परिणाम पाहायचा तर चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट पाहावा. सुमारे ११ किलोमीटरच्या या दगडी तटाच्या सांध्यांत झाडे रुजली आणि त्यांच्या मुळांनी चिरे सैल केले. इको-प्रो संस्थेच्या स्वयंसेवकांनी २०१७ पासून शेकडो दिवस श्रमदान केले, तेव्हा कुठे हा तट झुडपांतून मोकळा झाला.

आपल्या अंगणाचे काम मात्र सोपे आहे. जमीन ओली असताना, बी धरण्याआधीच गवत मुळासकट उपटावे. उन्हाळ्यात सांधे खरवडून, धूळ काढून, पाणी मारून गवंड्याकडून सिमेंट-वाळूने दरजा भरून घ्याव्यात. पाणी बाहेर वाहील असा उतार ठेवावा. झाडू रोज फिरवावा, कारण वाऱ्याने आलेले बी साचलेल्या धुळीतच रुजते. मीठ टाकू नये, त्याने लोखंडी शटर गंजते. भिंतीतला पिंपळ नुसता छाटला तर पुन्हा फुटतो. तो कोवळा असतानाच मुळासह काढावा.

गवंड्याची एका दिवसाची मजुरी भिजलेल्या एका गाठीपेक्षा नक्कीच स्वस्त पडते.