दीड लाख संशयित, रुग्ण चौदाशे

२०११च्या जनगणनेत शिरूर तालुक्याची लोकसंख्या ३,८५,४१४ भरली आणि दौंडची ३,८०,४९६. दोन्ही मिळून ७,६५,९१०. हिशेब सोपा जावा म्हणून त्यातली १५ वर्षांवरची ५ लाख माणसं धरू. या सगळ्यांच्या छातीचा एक्स-रे काढायचा आणि तो कृत्रिम बुद्धिमत्तेकडून वाचून घ्यायचा, असं ठरलं तर?

कल्पना हवेतली नाही. हातात धरून गावोगाव नेता येणारी एक्स-रे यंत्रं आता टीबीच्या मोहिमेत आली आहेत, आणि १५ वर्षांवरच्यांचे एक्स-रे सॉफ्टवेअरने वाचायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्येच मान्यता दिली आहे.

आता आकडेमोड. २०१९ ते २१ दरम्यानच्या राष्ट्रीय पाहणीत १५ वर्षांवरच्या दर लाखात ३१६ जणांना फुप्फुसाचा टीबी आढळला. म्हणजे आपल्या ५ लाखांत १,५८०. प्राथमिक छाननीच्या चाचणीकडून जागतिक आरोग्य संघटनेची किमान अपेक्षा अशी: १०० रुग्णांपैकी ९० पकडावेत आणि १०० निरोगी माणसांपैकी ७० जणांना बिनघोर घरी जाऊ द्यावं. त्या हिशेबाने यंत्र १,४२२ रुग्ण शोधेल, १५८ सुटतील. इथवर ठीक. पण निरोगी माणसं आहेत ४,९८,४२०, आणि त्यातल्या ३० टक्क्यांवर, म्हणजे १,४९,५२६ जणांवर, यंत्र उगाच बोट ठेवणार. एकूण संशयित १,५०,९४८. खरा रुग्ण १०६ जणांत एक.

त्या प्रत्येकाचा बेडका तपासावा लागेल. बेडक्यात टीबीचे जंतू शोधणाऱ्या सीबीनॅटच्या यंत्रात एका वेळी ४ नमुने बसतात आणि एका फेरीला सुमारे २ तास लागतात. दिवसाचे ८ तास यंत्र चाललं तर १६ नमुने. एकाच यंत्रावर, एकही सुट्टी न घेता, दीड लाख नमुने संपायला ९,४३४ दिवस लागतील, म्हणजे जवळपास २६ वर्षं. सॉफ्टवेअर सुधारलं आणि १०० निरोगींपैकी ९० जणांना सोडू लागलं, तरी संशयित ५१,२६४ उरतात आणि काम पावणेनऊ वर्षांचं. देशातले १०० कोटी प्रौढ धरले, तर ३० टक्क्यांची चूक जवळपास ३० कोटींवर जाते. इंडोनेशियाची सगळी लोकसंख्याही एवढी नाही.

यावर उपाय यंत्रातच असतो. सॉफ्टवेअर प्रत्येक एक्स-रेला गुण देतं. कितीच्या वर गेला की संशयित म्हणायचं, ती रेषा माणसं ठरवतात. रेषा वर नेली की उगाच पकडलेले कमी होतात, पण सुटलेले वाढतात. १०० रुग्णांपैकी ९० ऐवजी ८० सापडू लागले, तर १५८चे थेट ३१६ होतात, आणि ते सगळे आजार घेऊन गावात फिरत राहतात.

ही रेषा परगावाहून आयती आणता येत नाही. ढाक्यात २३,९५४ जणांच्या एक्स-रेवर ५ सॉफ्टवेअर तपासून पाहिली. ९० पकडा आणि ७० सोडा ही अट दोनच पाळू शकली. त्यातलं एक मुंबईच्या 'क्युअर डॉट एआय'चं. पण साठीपुढच्या आणि पूर्वी टीबी होऊन गेलेल्या माणसांत पाचही घसरली. जुन्या व्रणाला यंत्र नवा आजार समजतं. उसाच्या हंगामात दौंडला तोडणी कामगारांच्या टोळ्या येतात, रांजणगावच्या कारखान्यांत परप्रांतीय कामगार येतात. लोक बदलले की चुकांचं प्रमाणही बदलतं.

पुण्याजवळच्या ६ खेड्यांनी असाच धडा आधीच दिला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचे संशोधक यांनी इथली ६३१ आणि तिथली ३३८ पूर्ण दिवसांची बाळं ताडून पाहिली. तिथलं सरासरी वजन ३.५ किलो, इथलं २.७. मात्र ८०० ग्रॅमची ही तूट अंगभर सारखी नव्हती: आपली बाळं हडकुळी, तरी कातडीखालची चरबी त्या मानाने राखून असलेली. तिथल्या बाळांवर घडवलेला नियम इथे लावला, तर बारीक दिसणाऱ्या बाळात मधुमेहाचा धोका कुणी शोधणारच नाही.

म्हणून शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकचं महत्त्व. केईएमच्या संशोधन केंद्राने २००२ पासून शिरूर-हवेलीतल्या २२ गावांत घरोघर जाऊन जन्म, मृत्यू, स्थलांतर नोंदवलं. आफ्रिका-आशियातल्या अशा केंद्रांच्या 'इनडेप्थ' जाळ्यात वढू होतं. एडिंबरा विद्यापीठाच्या 'रिस्पायर' या श्वसनविकार संशोधनातही केईएम भागीदार राहिलं आहे. रेषा जागेवर तपासून ठरवण्याची कृतिपुस्तिका जागतिक आरोग्य संघटनेने काढली आहे, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीची मार्गदर्शक तत्त्वं २०२३ मध्ये आली. पुस्तिका जिनिव्हाहून येईल. तिच्यात भरायचे आकडे मात्र तालुक्यातच गोळा करावे लागतील: इथल्या माणसांचे एक्स-रे, त्याच माणसांच्या बेडक्याचे निकाल, आणि यंत्र कुठे चुकलं त्याची नोंद. यंत्राची ऑर्डर देण्याआधी या कामाचा खर्च अंदाजपत्रकात धरायला हवा.