कापडाच्या पंखांचे विमान

कल्याण-डोंबिवलीकडच्या आपल्या मंडळींना विमानाचे आता नवल राहिलेले नाही. मुंबईला उतरणारी मोठमोठी विमाने ठाण्याच्या खाडीवरून रोज जातात. शेतात वाकलेला माणूस मानही वर करीत नाही. पण मी आज सांगतो ते विमान निराळे. लाकडाच्या पंखांवर कापड ताणून बसवलेले, एकाच इंजिनाचे. नव्वद वर्षांपूर्वीची ही जुनी चीज! तरीही ते उडवायला मिळावे म्हणून माणसे अजून धडपडतात. का बरे?

आधी ते उडते कसे ते पाहू. सोसाट्याचा वारा असताना सूप जरा तिरपे करून वाऱ्यासमोर धरा. सूप हाताला वर ओढू लागते. विमानाच्या पंखांचेही तसेच. नाकावरचा पंखा गरगर फिरून विमानाला पुढे खेचतो, वारा पंखांवर येतो आणि पंख उचलले जातात. यात जादू नाही.

या जातीचे एक नामांकित विमान म्हणजे टायगर मॉथ. १९३१ साली ते इंग्लंडात प्रथम उडाले. वजन सुमारे ५०० किलो, म्हणजे एका दांडग्या रेड्याएवढे! बसायच्या जागा दोन, एकामागे एक, आणि दोन्ही उघड्या. नाकावरचा पंखा हाताने फिरवून इंजिन चालू करायचे. ब्रेक नाही. शिकवणारा एका नळीतून बोलायचा, शिकणाऱ्याच्या कानात ते ऐकू यायचे. आपल्या हवाई दलाचे कितीतरी वैमानिक यावरच शिकले. हवाई दलाने असे एक जुने विमान नीट करून घेतले आणि २०१२ साली ते पुन्हा आकाशात गेले.

मोठ्या विमानात यंत्रे पुष्कळ कामे करतात. इथे सगळे माणसाने ओळखायचे. वारा गालाला लागतो. पंखांमधल्या तारा वाजतात, आणि त्यांचा सूर उतरला की वेग कमी झाला असे समजायचे. होडीवाला नाही का शिडाच्या फडफडीवरून वारा ओळखत? तशातलेच हे. वाटही डोळ्यांनीच शोधायची. खाली रेल्वेचे रूळ फुटून एक फाटा कसाऱ्याकडे आणि दुसरा कर्जतकडे जाताना दिसला, की कल्याण आले!

जे. आर. डी. टाटा यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. १९२९ साली त्यांनी विमान चालवण्याचा परवाना मिळवला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी ते पस मॉथ नावाच्या छोट्या विमानातून कराचीहून निघाले. बरोबर २५ किलो टपाल, माणूस दुसरा कोणी नाही. रेडिओही नव्हता. अहमदाबादेला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले! दुपारी ते मुंबईत जुहूला उतरले. जुहूचा तळ म्हणजे तेव्हा चिखलाचे मैदान आणि झावळ्यांनी शाकारलेली एक झोपडी. पावसाळ्यात तिथे समुद्राचे पाणी शिरे, मग टपालाची विमाने पुण्याला उतरत. त्या टपालातूनच पुढे एअर इंडिया उभी राहिली.

पुढे त्यांच्या कंपनीकडे मोठी विमाने आली. पण टाटा ते छोटे विमान विसरले नाहीत. १९६२ साली ते पुन्हा तशाच छोट्या विमानातून कराचीहून मुंबईला आले. आणि २० वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, तिसऱ्यांदा. तेव्हा त्यांचे वय ७८ होते. आपल्याकडे या वयाच्या म्हाताऱ्याला घरची माणसे विहिरीच्या काठाशी एकटे जाऊ देत नाहीत! या वेळचे विमान लेपर्ड मॉथ, तेही एका इंजिनाचे आणि जुने. असे हलके विमान इंजिन बंद पडले तरी दगडासारखे कोसळत नाही. घारीसारखे तरंगत खाली येते. पण खाली सपाट जागा हवी ना! समुद्रावर काय करायचे?

हा हट्ट कशासाठी? लोकांचा, विशेषतः तरुणांचा, उत्साह मावळत चालला आहे याचे टाटांना वाईट वाटत होते. तो पुन्हा जागवावा असे त्यांच्या मनात होते. पण मला वाटते, हे कारण निम्मेच. नुसता उत्साह जागवायचा, तर भाषणही पुरले असते. त्यांना ती दांडी पुन्हा स्वतःच्या हातात हवी होती.

एकट्याने विमान चालवीत, वाटेत अहमदाबादेला थांबून, ते त्या दुपारी जुहूला सुखरूप उतरले.