बी.ए.ची मुलगी आणि एम.बी.ए.चं गणित

‘आर्ट्सच्या मुलीला एम.बी.ए. कसं जमणार? त्याला गणित लागतं!’ हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. हुशार मुली त्यामुळे फॉर्मसुद्धा भरत नाहीत. मैत्रिणींनो, खरं तर कुठल्याही शाखेची पदवी या प्रवेश परीक्षांना चालते. आणि त्यातलं बहुतेक गणित शाळेतलंच असतं. शेकडेवारी, नफा-तोटा, सरासरी, गुणोत्तर, काळ-काम-वेग, थोडं बीजगणित आणि भूमिती.

यातलं निम्मं तर आपल्या घरातच आहे. बचत गटातून दोन रुपये शेकड्याने पाच हजार घेतले, तर महिन्याचं व्याज शंभर. मुद्दल तसंच राहिलं तर वर्षाचे बाराशे, म्हणजे २४ टक्के! हजाराच्या साडीची किंमत दुकानदाराने २० टक्क्यांनी वाढवली आणि मग ‘२० टक्के सूट’ची पाटी लावली, तर साडी हजाराला नाही, ९६० रुपयांना पडते. कारण सूट बाराशेवर मिळते. परीक्षेतली शेकडेवारी अशीच फसवते.

तयारीला सहा महिने तरी हाताशी ठेवावेत. आधी बालभारतीची आठवी ते दहावीची गणिताची पुस्तकं काढावीत. तीसपर्यंतचे पाढे आणि वर्ग पाठ हवेत. आजीची पावकी, निमकी, दीडकी इथे कामाला येते. एक अष्टमांश म्हणजे साडेबारा टक्के, हे कागद न घेता सुचलं पाहिजे. चुकलेली गणितं वेगळ्या वहीत लिहून आठवड्याने पुन्हा सोडवावीत.

शेवटचे दोन महिने घड्याळ लावून सराव करावा. राज्याच्या २०२५च्या एम.बी.ए. सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न होते, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम ४५ सेकंद! तिथे चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नव्हते, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. ‘कॅट’मध्ये मात्र पर्यायी प्रश्नाचं उत्तर चुकलं की एक गुण जातो. तिथे न येणारा प्रश्न सोडून देणंही शिकावं लागतं.

आता आपल्याबद्दल. मुलगी अभ्यासाला बसली की ‘जरा कुकर लाव गं’ अशी हाक जातेच. गणिताची तंद्री एकदा मोडली की पुन्हा लागत नाही. रोजचा एक सलग तास तिला द्या, आणि तेवढा वेळ कुकर भावाला लावू द्या. क्लासची फी सगळ्यांना परवडत नाही, पण हा तास प्रत्येक घराला परवडतो.