नेम हाताचा की डोळ्याचा?

द्रोणाचार्यांनी घेतलेल्या परीक्षेची गोष्ट तुम्हांला ठाऊक आहेच. झाडाच्या शेंड्यावर एक खोटा पक्षी बसवलेला. शिष्य एकेक करून धनुष्य ताणून उभे राहतात आणि आचार्य विचारतात, “तुला काय दिसते?” कुणाला झाड दिसते, कुणाला शेजारी उभे असलेले भाऊ दिसतात. अर्जुनाला मात्र पक्ष्याच्या डोळ्याशिवाय दुसरे काहीच दिसत नाही! एकाग्रतेचे महत्त्व पटवण्यासाठी ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. आजचा जाणता प्रशिक्षक मात्र नव्या विद्यार्थ्याच्या हाती धनुष्य देण्यापूर्वी आणखी एक प्रश्न विचारतो : “तू कोणत्या डोळ्याने पाहतोस?”

“दोन्ही डोळ्यांनी!” असे तुम्ही चटकन म्हणाल. रोजच्या व्यवहारात ते खरेही आहे. पण नेम धरायची वेळ आली की आपला मेंदू दोन डोळ्यांपैकी एकालाच अधिक मान देतो. तो डोळा कोणता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्यामुळे काही मुलांचे बाण कितीही मन लावून सोडले तरी निशाणाच्या एकाच बाजूला जात राहतात. “लक्ष दे”, “घाई करू नकोस” अशी बोलणी ती मुले खातात आणि अखेर “आपल्याला नेम नाही” असे समजून खेळच सोडून देतात. खरे म्हणजे दोष त्यांच्या लक्षाचा नसतो, तो भूमितीचा असतो. कसा, ते आता पाहू.

आधी दोन प्रयोग

पहिला प्रयोग : भिंतीवरच्या घड्याळापासून तीनचार मीटर दूर, घड्याळाकडे तोंड करून उभे राहा. दोन्ही हात पुढे ताठ करा. तळवे बाहेरच्या बाजूस करून एकमेकांवर असे ठेवा, की दोन्ही आंगठ्यांच्या बेचक्यांमध्ये रुपयाएवढी फट राहील. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून घड्याळ पाहा. आता हात मुळीच न हलवता डावा डोळा मिटा. घड्याळ अजून फटीत दिसते आहे का? दिसत असेल, तर तुमचा उजवा डोळा प्रबळ आहे. घड्याळ नाहीसे झाले, तर डावा डोळा प्रबळ आहे. खात्रीसाठी उजवा डोळा मिटूनही पाहा. प्रयोग चारपाच वेळा करा. चष्मा असेल तर तो लावूनच करा.

दुसरा प्रयोग : एक पेन्सिल नाकासमोर हातभर अंतरावर उभी धरा आणि नजर मात्र दूरच्या झाडावर किंवा खांबावर स्थिर ठेवा. एका पेन्सिलीच्या जागी दोन पुसट पेन्सिली दिसतील. आता उजवा डोळा मिटा. कोणती पेन्सिल नाहीशी झाली? उजवीकडची नव्हे, डावीकडची! डावा डोळा मिटला तर उजवीकडची जाते. नजर दूरच्या वस्तूवर असताना जवळची वस्तू उजव्या डोळ्याला थोडी डावीकडे आणि डाव्या डोळ्याला थोडी उजवीकडे दिसते, म्हणून असे होते.

तिरंदाजाची स्थिती नेमकी अशीच असते. त्याची नजर दूरच्या लक्ष्यावर असते, तर बाणाचे टोक हातभर अंतरावर असते. टोकाच्या दोन प्रतिमा मेंदूकडे जातात आणि त्यांतली कोणती खरी मानायची, हे मेंदूला ठरवावे लागते. तो बहुधा प्रबळ डोळ्याची प्रतिमा निवडतो. दुसरी प्रतिमा इतकी मागे पडते की आपल्याला तिची जाणीवही होत नाही.

ही गोष्ट नवी नाही. इटलीतील जामबात्तिस्ता देल्ला पोर्ता या विद्वानाने प्रकाशाच्या वक्रीभवनावरील आपल्या ग्रंथात १५९३ सालीच तिचे वर्णन करून ठेवले आहे. त्याची कसोटी तर फारच सोपी होती. डोळ्यांसमोर एक काठी धरून ती दूरच्या वस्तूशी जुळवायची आणि मग एकेक डोळा मिटून काठी जागेवर राहते की सरकते, ते पाहायचे.

हात उजवा, मग डोळा डावा कसा?

उजव्या हाताने लिहिणाऱ्याचा प्रबळ डोळाही उजवाच असायला हवा, असे आपल्याला वाटते. पण हात आणि डोळा यांची मेंदूशी असलेली जोडणी वेगवेगळी आहे. उजव्या हातावर मुख्यत्वे मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागाची सत्ता चालते आणि डाव्या हातावर उजव्या भागाची. डोळ्यांचे तसे नाही. दोन्ही डोळ्यांकडून निघालेल्या नेत्रतंत्रिका मेंदूच्या तळाशी फुलीच्या आकारात एकत्र येतात. तेथे प्रत्येक डोळ्याचे जवळजवळ निम्मे तंतू बाजू बदलतात आणि उरलेले आपल्याच बाजूला राहतात. म्हणजे प्रत्येक डोळ्याचा संदेश मेंदूच्या दोन्ही भागांना मिळतो. त्यामुळे हात ज्या बाजूचा, त्याच बाजूचा डोळा असलाच पाहिजे, असे बंधन उरत नाही.

अनेक देशांतील पाहण्यांचा एकत्र विचार केला, तर उजव्या हाताने काम करणाऱ्या लोकांपैकी सुमारे एकतृतीयांश लोकांचा डावा डोळा प्रबळ असल्याचे आढळते. डावखुऱ्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक लोकांचा डावा डोळा प्रबळ असतो, बाकीच्यांचा उजवा. हात एका बाजूचा आणि डोळा दुसऱ्या बाजूचा, अशी ही उलटी जोडी म्हणजे रोग नव्हे की व्यंग नव्हे. प्रबळ डोळा म्हणजे अधिक तीक्ष्ण डोळा, असेही नाही. दोन्ही डोळ्यांची नजर सारखी असली तरी एक डोळा प्रबळ असू शकतो. ‘डावखुरा’ हा शब्द आपल्या भाषेत आहे, पण प्रबळ डावा डोळा असलेल्या माणसासाठी रूढ शब्द नाही. हा फरक एरवी कुणाच्या लक्षातच येत नाही, हेच त्याचे कारण असावे.

चूक किती होते?

आता वही आणि पट्टी घ्या. उजव्या हाताने दोरी ओढणारा एक तिरंदाज कल्पनेत उभा करा. धनुष्य त्याच्या डाव्या हातात आहे. दोरी हनुवटीपर्यंत ओढली आहे आणि बाणाची मागची खाच उजव्या डोळ्याच्या बरोबर खाली आली आहे. दोन डोळ्यांतील अंतर ६ सेंमी. आणि खाचेपासून टोकापर्यंत बाणाची लांबी ७० सेंमी. धरू. लक्ष्य १८ मीटरवर, म्हणजे १,८०० सेंमी.वर आहे.

या तिरंदाजाचा उजवा डोळा प्रबळ असेल, तर डोळा, बाण आणि लक्ष्य एकाच उभ्या प्रतलात येतील आणि बाण सरळ जाईल. पण डावा डोळा प्रबळ असेल, तर तो बाणाचे टोक लक्ष्याशी जुळवील ते डाव्या डोळ्याच्या रेषेत. बाणाची रेषा मात्र ६ सेंमी. उजवीकडून निघते. या दोन रेषा बाणाच्या टोकाशी एकमेकींना छेदतात आणि पुढे फाकत जातात. टोकाच्या अलीकडे एक लहान त्रिकोण आणि पलीकडे एक मोठा त्रिकोण तयार होतो. हे त्रिकोण समरूप आहेत. लहान त्रिकोणाची उंची ७० सेंमी. आणि पाया ६ सेंमी. आहे. मोठ्याची उंची १,८०० − ७० = १,७३० सेंमी. आहे. म्हणून मोठ्या त्रिकोणाचा पाया,

६ × १,७३० ÷ ७० = सुमारे १४८ सेंमी.

बाण जवळजवळ दीड मीटर डावीकडे जाणार! बंदिस्त जागेतील स्पर्धांत १८ मीटरवर अवघ्या ४० सेंमी. व्यासाचे लक्ष्य लावतात, हे ध्यानात घेतले म्हणजे ही चूक केवढी मोठी आहे ते कळेल. लक्ष्य १० मीटरवर असले तर हीच चूक किती होईल, ते तुम्हीच काढा. (उत्तर सुमारे ८० सेंमी. यायला हवे.)

प्रत्यक्षात सगळे बाण इतके दूर जात नाहीत. मुलगा नकळत मान कलती करून डावा डोळा बाणावर आणू पाहतो. कधी मान जास्त कलते, कधी कमी, त्यामुळे एक बाण डावीकडे, तर पुढचा नेमका मध्ये, असा प्रकार होतो. पाहणाऱ्याला वाटते, हा मुलगा लहरी आहे!

साईट सरकवली तर?

एखादा चतुर वाचक विचारील, “धनुष्यावर नेमासाठी साईट असते. ती डावीकडे सरकवून ही चूक भरून काढता येणार नाही का?” प्रश्न चांगला आहे. पण सरळ रेषा निश्चित करायला दोन बिंदू लागतात. बंदुकीवर पुढे माशी असते आणि मागे खाच असते. धनुष्यावर पुढे साईट असते, आणि मागचा बिंदू म्हणजे तिरंदाजाचा डोळा! तो प्रत्येक वेळी त्याच जागी यावा म्हणून तिरंदाज डोळ्यासमोर पुसट दिसणारी दोरी धनुष्याच्या एका ठरावीक कडेशी जुळवून घेतो. दोरीपासून दूर असलेल्या डोळ्याला हा आधार नीट मिळत नाही. डोळ्यापासून साईट ८० सेंमी.वर असेल आणि डोळा १ सेंमी. सरकला, तरी १८ मीटरवर सुमारे २२ सेंमी.चा फरक पडतो. म्हणून हा उपाय भरवशाचा नाही.

मग करावे काय?

पहिला उपाय म्हणजे हात बदलणे. उजवा हात आणि डावा डोळा अशी जोडी असलेल्या मुलाने धनुष्य उजव्या हातात धरावे आणि दोरी डाव्या हाताने ओढावी. ऐकायला हे अवघड वाटते. पण धनुष्य ओढण्यात लिहिण्यासारखे बारीक काम नसते. काम असते ते मुख्यतः खांद्याच्या आणि पाठीच्या स्नायूंचे, आणि नव्या विद्यार्थ्याला दोन्ही हातांची सवय मुळापासूनच करायची असते. अर्जुनाला ‘सव्यसाची’ म्हणत, ते तो दोन्ही हातांनी धनुष्य चालवी म्हणून. आपल्याला दोन्ही नकोत, योग्य तो एक पुरे! मात्र वर्षानुवर्षे एका हाताची सवय झालेल्याला हा बदल जड जातो. शिवाय डाव्या हाताची धनुष्ये शाळेत असतीलच असे नाही. बांबूच्या अगदी साध्या, दोन्ही बाजूंना सारख्या धनुष्यावर ही अडचण येत नाही.

दुसरा उपाय म्हणजे नेम धरताना प्रबळ डोळा मिटणे. यात खर्च काहीच नाही. पण एक डोळा घट्ट मिटला की चेहऱ्याचे स्नायू ताणले जातात आणि बराच वेळ सराव केल्यास थकवा येतो. काहींना तर एकच डोळा मिटताच येत नाही. दोन डोळ्यांनी मिळणारा अंतराचा अंदाजही जातो. परंतु स्पर्धेत लक्ष्याचे अंतर ठरलेले असेल, तर यामुळे फारसे बिघडत नाही.

तिसरा उपाय म्हणजे डोळा उघडा ठेवून त्याची दृष्टी अडवणे. चष्म्याच्या त्या बाजूच्या काचेवर अर्धपारदर्शक चिकटपट्टी लावतात. डोळ्यात उजेड येतो, पण चित्र उमटत नाही. मग मेंदूला दुसऱ्या डोळ्याचे ऐकावेच लागते. नेम न धरणाऱ्या डोळ्यावरची काच पूर्ण झाकायला किंवा डोळ्यावर पट्टी बांधायला आंतरराष्ट्रीय नियमांचीही परवानगी आहे. मात्र नेमाला मदत होईल अशी खूण काचेवर करता येत नाही. एक सावधगिरी पाळा. पट्टी फक्त सरावापुरती लावा. प्रबळ डोळा बदलण्याच्या हेतूने डोळा दिवसभर झाकून ठेवणे चुकीचे आहे. असे उपचार नेत्रतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच करायचे असतात.

चौथी सोय आहे कंपाउंड धनुष्यावर. २०२३ साली बर्लिन येथे साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे ज्या प्रकारात जगज्जेते झाले, तो हा कप्प्यांच्या धनुष्याचा प्रकार. याच्या दोरीतच बारीक भोकाची एक चकती बसवतात. तिला ‘पीप’ म्हणतात. भोकातून साईट दिसते ती भोकामागच्या डोळ्यालाच. म्हणजे बंदुकीच्या मागच्या खाचेसारखा दुसरा बिंदू येथे मिळतो. तरीही दुसरा डोळा फार प्रबळ असेल तर तो लुडबुड करतो आणि पट्टी लावावीच लागते. ऑलिंपिकमधील रिकर्व्ह धनुष्यावर मात्र पीप चालत नाही.

आणखी एक बारकावा सांगतो. २००१ साली कॅनडातील खान आणि क्रॉफर्ड या संशोधकांनी केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की नजर एका बाजूला बरीच वळवली तर त्या बाजूचा डोळा वरचढ ठरू शकतो. उजव्या हाताचा तिरंदाज लक्ष्याकडे पाहतो ते डाव्या खांद्यावरून. त्याने मान पुरती वळवली नाही आणि नुसती बुबुळे डावीकडे फिरवली, तर डाव्या डोळ्याला जोर मिळण्याचा संभव असतो. म्हणून डोळ्याची कसोटी समोर पाहून घ्याच, पण तिरंदाजाच्या पवित्र्यातही एकदा घ्या. चेहरा पुरता लक्ष्याकडे वळवावा, असे प्रशिक्षक सांगतात ते उगीच नाही.

वर्गात करण्याजोगे काम

शिक्षकांना हा प्रयोग एका तासात सर्व वर्गाकडून करून घेता येईल. फळ्यावर चार चौकोन आखा : उजवा हात–उजवा डोळा, उजवा हात–डावा डोळा, डावा हात–डावा डोळा आणि डावा हात–उजवा डोळा. प्रत्येकाने तीन वेळा कसोटी घेऊन आपले नाव योग्य त्या चौकोनात लिहावे. ४० जणांच्या वर्गात ३६ जण उजव्या हाताचे आणि ४ डावखुरे असतील, तर वर दिलेल्या प्रमाणावरून सुमारे १४ जणांची जोडी उलटी निघावी, अशी अपेक्षा करता येते. तुमचा आकडा याहून कमी-अधिक येईल. दोन-तीन वर्गांचे आकडे एकत्र करून प्रमाणात काय फरक पडतो, ते पाहा.

तक्ता झाला की त्याची एक प्रत खेळाच्या शिक्षकांना द्या. रायफलीच्या नेमबाजीतही हाच प्रश्न येतो, तेव्हा तेथेही ती उपयोगी पडेल. आणि ज्या मुलाला किंवा मुलीला “तुला नेम नाही” असे कुणी सांगितले असेल, त्यांचे नाव कोणत्या चौकोनात आहे, ते आधी पाहा.