रानपक्षी मौन धरतात तेव्हा...

रानपक्ष्याची शिकार करणाऱ्याला सर्वांत मोठी मदत होते ती त्या पक्ष्याच्याच आवाजाची. नर साद घालतो, आपले ठिकाण आपणच उघड करतो आणि शिकारी त्या सादेचा माग काढतो. मात्र विणीच्या ऐन हंगामात, जेव्हा हे आवाज शिगेला पोहोचायला हवेत, तेव्हाच रान कधीकधी एकाएकी गप्प होते. अमेरिकेत वसंत ऋतूत रानटी टर्कीची शिकार करणाऱ्यांना हा अनुभव दरवर्षी येतो. आपल्याकडे माळावर तित्तिर पकडणाऱ्या फासेपारध्यांनाही तो पिढ्यान्‌पिढ्या परिचित होता. या मौनामागचे कारण समजून घेणे आज शिकारीसाठी नव्हे, तर पक्षी टिकवण्यासाठी आवश्यक झाले आहे.

कुर्ल्यापलीकडचे रान

लोकल गाड्यांच्या गजबजाटात बुडालेल्या कुर्ल्यात उभे राहून शिकारीचा विचार करणे आज चमत्कारिक वाटेल. पण विसाव्या शतकाच्या आरंभी कुर्ल्याला लागून असलेले चेंबूर हे झाडीने वेढलेले शांत खेडे होते. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांचे बालपणीचे सुटीचे दिवस मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या कुटुंबासमवेत तेथे जात असत. हे मामा हौशी शिकारी होते आणि भाच्यालाही छऱ्याच्या बंदुकीचा नाद लागला होता. १९०६-०७च्या सुमारास लहानग्या सलीमने एका चिमणीच्या घरट्यावर पाळत ठेवली. मादी आत अंडी उबवत होती आणि नर दाराशी पहारा देत होता. त्याने तो नर टिपला, तर त्याच्या जागी दुसरा आला. अशा रीतीने सात दिवसांत आठ नर मारले गेल्याची नोंद त्याने करून ठेवली.

नोंद शिकाऱ्याची असली तरी निरीक्षण शास्त्रज्ञाचे होते. विणीच्या काळात नर एका जागेला बांधलेला असतो आणि त्या जागेसाठी तो जिवावर उदार होतो. जगभरच्या शिकाऱ्यांनी नेमका याच स्वभावाचा फायदा घेतला आहे.

नर बोलतो कशासाठी?

पक्ष्याच्या सादेचे प्रमुख हेतू दोन. पहिला, मादीला बोलावणे. दुसरा, प्रतिस्पर्ध्याला 'ही जागा माझी आहे' असे बजावणे. टर्कीच्या बाबतीत पहिला हेतू प्रबळ असतो, तर तित्तिराच्या बाबतीत दुसरा. दोघांच्या शिकारीच्या पद्धती वेगळ्या झाल्या त्या यामुळेच.

टर्की हा मूळचा उत्तर अमेरिकेतील पक्षी. भारतात तो आला तो गोव्याच्या वाटेने. १६१२मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून आणलेल्या नवलाईच्या वस्तूंमध्ये हा पक्षी होता. बादशहा जहांगीर त्याला पाहून इतका चकित झाला, की त्याने दरबारी चित्रकार मन्सूरकडून त्याचे चित्र काढून घेतले. त्याच्या मूळ देशात मात्र हा पक्षी आजही रानात राहतो. वसंतात पहाटे झाडावरच्या रातथाऱ्यावरून नर गडगडाटी आवाज करतो आणि माद्या त्या आवाजाच्या दिशेने जातात.

शिकारी काय करतो? लाकडी पेटी किंवा पाटीचा तुकडा घासून तो मादीच्या आवाजाची नक्कल करतो आणि नराला स्वतःकडे बोलावतो. म्हणजे निसर्गाचा क्रमच तो उलटा करू पाहतो, कारण एरवी मादी नराकडे जाते, नर मादीकडे नव्हे. ज्या नराभोवती माद्या आधीच जमल्या आहेत, त्याने दूरवरच्या अनोळखी हाकेला उत्तर का द्यावे? पहाटे झाडावर गर्जणारा नर खाली उतरताच गप्प होतो, याचे सर्वसाधारण स्पष्टीकरण हेच आहे.

हे मौन कायमचे नसते. मादी साधारणतः दिवसाला एक याप्रमाणे दहा-बारा अंडी घालते. त्यासाठी ती काही वेळ नराला सोडून घरट्याकडे जाते. पुढे ती सुमारे २८ दिवस अंडी उबवते, तेव्हा तर नर एकटाच पडतो. त्यामुळे हंगामात आवाजाचा जोर दोनदा चढतो : एकदा माद्या जमू लागतात तेव्हा आणि दुसऱ्यांदा त्या अंड्यांवर बसतात तेव्हा. अनुभवी शिकारी म्हणूनच मौनाच्या काळात रान तुडवीत नाही. पक्ष्यांच्या पाऊलखुणा, पडलेली पिसे, धूळस्नानाच्या जागा पाहून तो एका ठिकाणी बसतो, क्वचितच आवाज देतो आणि दिवस वर येईपर्यंत वाट पाहतो. उत्तर न देता चुपचाप चालत येणारा नरही असतो, हे त्याला ठाऊक असते.

मौनाचे आणखी एक कारण खुद्द शिकारी हेच आहे. बंदुकांचा वावर वाढला की नरांचे ओरडणे कमी होते, असे अमेरिकेतील अभ्यासांतून दिसून आले आहे. अलीकडच्या काळात तेथील आग्नेय भागातील अनेक राज्यांत टर्कींची संख्या घटल्यावर काही राज्यांनी शिकारीचा हंगाम पुढे ढकलला आणि मारायच्या नरांची मर्यादा कमी केली. आधी जोड्या जमू द्याव्यात, मग बंदूक उचलावी, असा त्यामागील विचार आहे.

फासेपारध्यांची विद्या

महाराष्ट्राच्या माळरानांवर राखी तित्तिर आणि रंगीत तित्तिर हे दोन भाऊबंद आढळतात. तित्तिराचे आपल्या संस्कृतीशी नाते फार जुने आहे. याज्ञवल्क्याने ओकून टाकलेली विद्या इतर शिष्यांनी तित्तिर होऊन टिपली, म्हणून त्या शाखेला 'तैत्तिरीय' म्हणतात, अशी कथा प्रसिद्ध आहे. रंगीत तित्तिर एरवी जवळजवळ अबोल असतो. मात्र पावसाळ्यात उंचवट्यावर किंवा झाडावर चढून तो सारखा ओरडतो आणि पावसाळा सरला की पुन्हा दिसेनासा होतो. पक्षी तेथेच असतो, फक्त त्याचा आवाज थांबलेला असतो.

फासेपारध्यांनी तित्तिराचा भांडखोरपणा नेमका हेरला होता. पाळलेला तित्तिर पिंजऱ्यात घालून माळावर ठेवायचा आणि भोवती खुंट्यांना बांधलेल्या फाशांची रांग लावायची. पिंजऱ्यातला पक्षी ओरडला, की त्या जागेचा धनी चवताळून लढायला धावे आणि फाशात अडके. गायपारधी तर शिकवलेल्या गायीच्या आडोशाने पक्ष्यांच्या जवळ सरकत. तोंडाने हुबेहूब आवाज काढणे, थंड पडलेल्या मागावरून थवा कोठे रात्र काढेल हे सांगणे, ही विद्या कोणत्याही पुस्तकात नव्हती. पक्षी बोलत नसताना तर या विद्येची खरी कसोटी लागे.

ही विद्या बाळगणाऱ्यांच्या वाट्याला मात्र अवहेलनाच आली. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या परंपरेने ब्रिटिश सरकारने अनेक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. त्यांत पारधीही होते. १९५२मध्ये तो कायदा रद्द झाला, तरी शिक्का पुरता पुसला गेला नाही. पुढे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. सुरुवातीस त्यात परवान्याने शिकारीची काही सोय होती. १९९१च्या दुरुस्तीने तीही जवळपास संपुष्टात आली. पक्ष्यांच्या दृष्टीने हे योग्यच झाले. पण ज्यांचे पोट फाशावर चालत होते, त्यांना दुसरे साधन देण्याची तत्परता कोणी दाखवली नाही. गावाकडून उखडलेली अनेक पारधी कुटुंबे मुंबईच्या पदपथांवर आली, ती याच पार्श्वभूमीवर.

काही ठिकाणी मात्र वेगळी वाट सापडली. अकोला-वाशीम भागात 'संवेदना' या संस्थेच्या साथीने फासेपारधी कुटुंबांनी गवताळ माळ राखण्याचे काम हाती घेतले. तेथे तणमोरासारखा पक्षी येतो. पावसाळ्यात या पक्ष्याचा नर मादीचे लक्ष वेधण्यासाठी गवतावर पुनःपुन्हा उंच उडी मारतो. या उडीमुळेच तो ब्रिटिश काळात बंदुकीला सहज बळी पडे. आज तो अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत गणला जातो. पक्षी कोठे आहे हे सर्वांआधी ओळखणारा माणूस त्याचा उत्तम राखणदारही होऊ शकतो, हे या प्रयोगाचे सार आहे.

शहरी हौस आणि कायदा

शहरातील वाचकाचा तित्तिर-लाव्यांशी संबंध येतो तो बहुधा ताटात. उपाहारगृहांत 'बटेर' म्हणून जो कायदेशीर पक्षी मिळतो, तो पाळलेला जपानी लावा. रानातला तित्तिर वा लावा पकडणे, विकणे किंवा शिजवणे हा गुन्हा आहे. २०२२च्या दुरुस्तीने सर्वसाधारण दंडाची कमाल मर्यादा २५ हजारांवरून एक लाख रुपयांवर नेली आहे.

याहून कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी, की कायद्यातील 'शिकार' या शब्दाची व्याप्ती मारण्यापुरती मर्यादित नाही. फासे लावणे, आमिष दाखवणे आणि रानपक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे याही बाबी तीत मोडतात. छायाचित्रासाठी मोबाइलवर पक्ष्याचा आवाज पुनःपुन्हा वाजवणाऱ्या हौशी मंडळींनी याचा विचार करायला हवा. त्या आवाजाने तित्तिर धावून येतो, तो पाहुण्याच्या स्वागतासाठी नव्हे, तर शत्रूशी लढण्यासाठी. तेवढा वेळ त्याचे खाणे थांबते, जोडीदार एकटा पडतो आणि उघड्यावर आलेला पक्षी ससाण्याच्या नजरेस पडतो. पिंजऱ्यातल्या तित्तिराची जागा मोबाइलने घेतली आहे, इतकाच काय तो फरक.

मग पक्षी गप्प असतील तेव्हा काय करावे? जाणत्या शिकाऱ्याने आणि पारध्याने जे केले तेच. एका जागी बसावे, खुणा वाचाव्यात आणि वाट पाहावी. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील लाल चकोत्री असो वा पुण्याकडच्या माळावरचा रंगीत तित्तिर, विणीच्या काळातील त्याचे मौन कधीकधी घरट्यात अंडी असल्याची खूण असू शकते आणि तेव्हा तेथून दूर राहणेच शहाणपणाचे. मात्र पावसाळा ऐन भरात असूनही एखाद्या माळावर एकही साद ऐकू येत नसेल, तर ते मौन वेगळे. तेथे गवत नांगरले गेले आहे की भूखंड पडले आहेत, याची चौकशी करायला हवी. कुर्ल्यापलीकडचे रान असेच एकेक आवाज गमावत संपले.