आंतड्याचे निरोप

वैजापुराकडील एखाद्या घरीं दुपारच्या जेवणाला बाजरीची भाकरी, पिठलें आणि कांदा एवढेंच वाढलेलें आहे असें समजा. घास गिळला कीं आपलें काम संपलें, असें जेवणाराला वाटतें. परंतु भाकरी जठरांत किती वेळ थांबवावयाची, पित्त केव्हां सोडावयाचें, स्वादुपिंडाचा रस किती मागवावयाचा, हें पुढें ठरवितें कोण?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याचें उत्तर होतें: मज्जातंतू. रशियांतील पावलॉव्ह यांच्या प्रयोगांनीं तें मत दृढ केलें होतें. १९०२ च्या जानेवारींत लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत बेलिस आणि स्टार्लिंग या दोघां शास्त्रज्ञांनीं गुंगी दिलेल्या कुत्र्याच्या लहान आंतड्याचा एक भाग घेऊन त्याचे मज्जातंतू तोडले, आणि त्यांत सौम्य आम्ल घातलें. तारा तोडल्यावर तारायंत्र बंद पडावें. पण स्वादुपिंडाचा रस वाहूं लागला! मग त्यांनीं आंतड्याचें अस्तर खरवडून वाळू व आम्लाबरोबर घोटलें आणि गाळलेला अर्क शिरेंत टोंचला. पुनः रस सुटला. निरोप रक्तांतून जात होता. त्या द्रव्याला त्यांनीं सिक्रेटीन म्हटलें, आणि १९०५ सालीं अशा सर्वच निरोप्यांसाठीं स्टार्लिंग यांनीं 'हॉर्मोन' हा शब्द वापरला. आपण त्यांना संप्रेरकें म्हणतों. मज्जातंतू त्यामुळें निरुपयोगी ठरले नाहींत. दोन्ही यंत्रणा शेजारीं नांदतात.

सिक्रेटीन ही २७ ॲमिनो आम्लांची सांखळी. अशा लहान सांखळीला पेप्टाइड म्हणतात. जठरांतून उतरलेल्या अन्नाच्या आंबटपणाची चाहूल लागतांच आंतडें तें सोडतें, आणि स्वादुपिंड क्षारयुक्त रसानें तो आंबटपणा शमवितें. पिठल्याच्या फोडणीचें तेल व डाळीचीं प्रथिनें खालीं आलीं कीं कोलेसिस्टोकायनिन निघतें. नांव बोजड, काम सुटसुटीत: पित्ताशय आकुंचित करावयाचें, पाचक रस मागवावयाचे, जठराला 'जरा दमानें' म्हणावयाचें आणि मेंदूला 'आतां पुरे' असें कळवावयाचें. तेलातुपाचें जेवण पोटांत बराच वेळ राहतें त्यामागें हाही निरोप असतो. उलट रिकाम्या जठरांतून निघणारें घ्रेलिन भूक चाळवितें. तें १९९९ सालीं जपानी शास्त्रज्ञांनीं शोधून काढलें.

पण श्रोतेहो, हल्लीं घरोघरीं ऐकूं येणारें नांव आहे जीएलपी-१ या पेप्टाइडाचें. शिरेंतून दिलेल्या साखरेपेक्षां तोंडावाटे दिलेल्या साखरेनें इन्शुलिन अधिक स्रवतें, असें १९६४ च्या सुमारास दिसून आलें. साखर येत असल्याची वर्दी आंतडें स्वादुपिंडाला देतें. ती देणाऱ्यांपैकीं हें एक. आपल्याकडे या वर्दीचें मोल विशेष. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं २००४ सालीं 'लॅन्सेट'मध्यें आपलें व इंग्रज सहकारी युडकिन यांचें छायाचित्र छापलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन सारखेंच. चरबी मात्र याज्ञिकांच्या अंगीं २१.२ टक्के, युडकिन यांच्या ९.१ टक्के! सडपातळ माणसाला मधुमेहाचें भय नाहीं, ही आपली समजूत त्या चित्रापुढें टिकत नाहीं. अशा देहांत इन्शुलिनाचा प्रभाव कमी पडतो आणि स्वादुपिंडाला अधिक राबावें लागतें.

शरीरांतील जीएलपी-१ कांहीं मिनिटांतच नाहींसें होतें. सेमाग्लूटाइड ही त्याची टिकाऊ नक्कल. तिची एक टोंचणी आठवडाभर पुरते. मधुमेह्याला आणि अतिस्थूल माणसाला तिचा लाभ खरा आहे. पण तिनें होणारी मळमळ ही परकी खोडी नव्हे; तोच निरोप क्षणभराऐवजीं दिवसरात्र ऐकविल्याचा तो परिणाम. उतरणाऱ्या वजनांत चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि स्नायू कमी व चरबी अधिक हेंच तर आपल्या देहाचें दुखणें! केवळ लग्नांत बारीक दिसावें म्हणून ती मागणाराला डॉक्टरांनीं हें आधीं सांगितलें पाहिजे. आणि हेंही, कीं टोंचणी थांबली कीं निरोप थांबतो, भूक परतते, व पुष्कळांचें बरेंचसें वजन वर्षभरांत परत येतें.