फुफाट्यातला श्वास

जालन्याहून अंबडकडे निघालेली स्कॉर्पिओ तासाभरात किती हवा ओढते, याचा हिशेब तोंडी करता येतो. २.२ लिटरचं इंजिन, मिनिटाला २,००० फेरे. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा हवा आत येते, म्हणजे मिनिटाला २,२०० लिटर आणि तासाला १,३२,००० लिटर. आमच्याकडे उन्हाळ्यात गावोगाव फिरतो तो बारा हजार लिटरचा पाण्याचा टँकर डोळ्यासमोर आणा. असे अकरा टँकर. आणि टर्बोची हवा यात धरलेलीच नाही. गाडीवर भार असला की टर्बो हवा दाबून कोंबतो आणि हा आकडा जवळजवळ दुप्पट होतो.

एवढी हवा आत जाण्याआधी एकाच चाळणीतून जाते. घडी घातलेल्या कागदाचा एक चौकोनी तुकडा, म्हणजे एअर फिल्टर. इंजिनाच्या आयुष्यातली सगळ्यात स्वस्त वस्तू आणि सगळ्यात जास्त काम करणारी. अलीकडे गाडी घेतली की पोरांना आधी तोच काढून टाकायचा असतो.

मी अंबड चौफुलीच्या बाजूला डिझेल गाड्यांचं काम करतो. समृद्धी महामार्ग झाल्यापासून माझ्याकडे येणाऱ्या मागण्या बदलल्या. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला, ५ जून २०२५ ला शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा उघडला, आणि जालन्याच्या माणसाला ताशी १२० च्या मर्यादेचा रस्ता दारात मिळाला. मोसंबीचे पैसे आले की गाडी, गाडी आली की समृद्धी, समृद्धीवर मागून एखादी फॉर्च्युनर झपकन निघून गेली की दुसऱ्या दिवशी माझ्याकडे. "काका, गाडीला पिकअप कमी वाटतो. कोल्ड एअर इंटेक बसवायचा का?" मोबाइलवर फोटो तयारच असतो: चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची जाड नळी आणि तिच्या टोकाला लाल रंगाचा शंकूसारखा फिल्टर.

या किटचा दावा दोन गोष्टींचा. हवा थंड मिळेल आणि हवेला अडथळा कमी होईल. दोन्ही दावे भौतिकशास्त्राला धरून आहेत. अडचण आहे ती आपल्या गाड्यांची आणि आपल्या रस्त्यांची.

थंडीचं आधी पाहू. हवा तापली की विरळ होते. ४५ अंशांची हवा आणि ७० अंशांची हवा, दाब तोच असेल तर दुसऱ्या हवेत साधारण सात टक्के वजन कमी. वजन कमी म्हणजे प्राणवायू कमी. म्हणून इंजिनाला बोनेटखालची भाजलेली हवा न देता बाहेरची द्यावी, ही गोष्ट बरोबरच आहे. पण ती कंपनीच्या इंजिनियरांना आधीपासून ठाऊक आहे. बोनेट उघडा आणि फिल्टरच्या डब्यातून निघालेलं प्लास्टिकचं तोंड कुठे जातं ते बोटाने माग काढत पाहा. बहुतेक एसयूव्हीत ते पुढच्या जाळीच्या वर, हेडलाइटच्या मागे किंवा चाकावरच्या पत्र्याच्या पोकळीत उघडतं. म्हणजे बाहेरची हवा गाडी पहिल्या दिवसापासून घेतेच आहे. तो डबा काढून शंकू उघडा बसवला की तो रेडिएटरच्या मागची, टर्बोच्या शेजारची हवा ओढतो. मे महिन्यात जालन्यात बाहेर ४२ असताना, मोंढ्याच्या गर्दीत गाडी उभी असताना, बोनेटखाली काय तापमान असेल ते हात घालून पाहावं. महागड्या किटमध्ये शंकूभोवती पत्र्याचा आडोसा देतात. म्हणजे काय केलं? कंपनीचा डबा काढून आपला डबा बसवला.

अडथळ्याचं गणित जरा मजेचं आहे. ट्रकच्या फिल्टरच्या घरावर एक छोटा इंडिकेटर असतो. फिल्टर चोंदला की त्यात लाल पट्टी दिसते. मोठ्या डिझेल इंजिनांत ती पट्टी साधारण ६० सेंटिमीटर पाण्याच्या दाबाइतका अडथळा झाला की वर येते. आता वातावरणाचा पूर्ण दाब म्हणजे सुमारे दहा मीटर पाणी. तेव्हा फेकून द्यायच्या लायकीचा फिल्टरसुद्धा सहा टक्क्यांच्या आसपासच दाब खातो. नवा, कोरा फिल्टर त्याहून कितीतरी कमी. लाल शंकू बसवून वाचणार ते या कितीतरी कमी मधलं काहीतरी. आणि गंमत अशी की जालना समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंच आहे, त्यामुळे मुंबईच्या मानाने पाच-सहा टक्के दाब इथे मुळातच कमी. मुंबईची गाडी जालन्यात आली म्हणून कोणी पिकअप गेल्याची तक्रार घेऊन माझ्याकडे येत नाही. कारण टर्बो थोडा जास्त फिरतो आणि ती तूट भरून काढतो.

खरी मेख इथे आहे. हे वेड अमेरिकेतून आलं. तिथे पिकअप ट्रकांत पाच-सहा लिटरची, आठ सिलिंडरची, बहुतेक बिनटर्बोची पेट्रोल इंजिनं पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन ठरलेल्या प्रमाणात लागतं, एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा. हवा वाढली की संगणक पेट्रोल वाढवतो आणि ताकद थोडी का होईना वाढते. डिझेलचं तसं नाही. डिझेल इंजिनात हवा बहुतेक वेळ गरजेपेक्षा जास्तच असते. ताकद ठरते ती किती डिझेल फवारलं यावर, आणि ते ठरवतो ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक. तुम्ही हवा कितीही मोकळी करा, ईसीयूने डिझेल वाढवलं नाही तर गाडी जिथे होती तिथेच. शिवाय टर्बोतून बाहेर पडणारी हवा दाबामुळे तापून सव्वाशे-दीडशे अंशांवर गेलेली असते. तिला थंड करायला इंटरकूलर असतो. २००९ च्या फॉर्च्युनरच्या बोनेटवर जो फुगवटा आणि तोंड होतं, ते इंजिनाने हवा ओढायला आहे असं अनेक मालक आजही सांगतात. ते खाली बसवलेल्या इंटरकूलरला वारा लागावा म्हणून होतं. डिझेल गाडीत थंड हवेचं खातं तिकडे आहे.

मग पोरं म्हणतात, बसवल्यावर फरक जाणवला. जाणवतो, कारण आवाज येतो. कंपनीच्या डब्याला आत कप्पे असतात ते आवाज गिळायला. डबा गेला की टर्बोची शिट्टी केबिनपर्यंत येते, पाय आपोआप दाबला जातो आणि गाडी पळाल्यासारखी वाटते. मी याची टिंगल करत नाही. पाच आकडी रक्कम मोजून कोणी शिट्टी विकत घेत असेल तर तो त्याचा शौक. पिकअप म्हणून मात्र कोणी ती विकू नये.

आता धुळीचं, ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो. समृद्धी गुळगुळीत आहे, पण समृद्धीवरून उतरल्यावर घर आहे. भोकरदन, जाफराबाद, मंठा, घनसावंगी, कुठल्याही तालुक्यात जा, शेवटचे दोन-चार किलोमीटर मुरमाचे. ऊसतोडीच्या हंगामात अंकुशनगरच्या कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांच्या मागे गाडी लागली की पुढचं दिसत नाही असा फुफाटा. एमआयडीसीत रोलिंग मिलच्या रस्त्यावर त्यात लोखंडाची पूडही असते. डोळ्याला दिसते ती धूळ फारशी घातक नाही, ती फिल्टरला अडतेच. मारते ती मैद्याहून बारीक, वाळूच्या कणांची. क्वार्ट्झचा असा कण पिस्टनच्या रिंगा आणि बोअर यांच्यामध्ये गेला की पॉलिश पेपर होतो. आणि त्याआधी वाटेत टर्बोचं चाक लागतं, मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारं. त्याच्या पात्यांच्या कडा झिजून बोथट झालेल्या मी हातात घेऊन पाहिल्या आहेत. गाडी ऑईल खायला लागते, निळा धूर दिसतो, आणि मग इंजिन बांधायला येतं.

फिल्टरची परीक्षा घेण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, आयएसओ ५०११. तीत ठरावीक बारीकपणाची धूळ सोडतात, जिला कारखान्यांत अजून अ‍ॅरिझोना धूळ म्हणतात. चांगला कागदी फिल्टर ९९ टक्क्यांच्या वर अडवतो. समजा दुसरा कोणी ९८ अडवतो. ऐकायला फरक एका टक्क्याचा. पण इंजिनाला अडलेली धूळ लागत नाही, सुटलेली लागते, आणि ती एकावरून दोन टक्के झाली, म्हणजे दुप्पट. अडथळा कमी करायचा तर छिद्रं मोठी किंवा कागद जास्त. छिद्रं मोठी केली की हे होतं.

लाल शंकूत असतो कापूस. तारेच्या दोन जाळ्यांमध्ये कापडाचे थर आणि त्यावर चिकट तेल. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या के अँड एन कंपनीने हा प्रकार जगभर नेला. धुऊन, तेल लावून पुन्हा वापरायचा. कापसाच्या जिल्ह्यातल्या माणसाला याचं कौतुक वाटायला हरकत नाही, आणि तेलाने धूळ धरायची कल्पना आपल्या शेतकऱ्याला नवीनही नाही. जुन्या ट्रॅक्टरचा ऑईल बाथ फिल्टर हेच करायचा: हवा तेलावर आपटायची, धूळ तळाशी बसायची, आठवड्याला वाटी काढून गाळ खरवडायचा. पण त्या ट्रॅक्टरला सेन्सर नव्हता. आजच्या डिझेल गाडीत फिल्टरनंतर लगेच हवा मोजणारा एअर मास सेन्सर असतो, तापवलेल्या बारीक पडद्याचा. फिल्टरला तेल जास्त झालं तर त्याची वाफ-थेंब त्या पडद्यावर बसू शकतात आणि त्यावर धूळ. सेन्सर खोटं बोलायला लागला की थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या ईजीआरचा हिशेब चुकतो, आणि १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत पुढे धुरातली काजळी अडवणारा डीपीएफही चोंदायला लागतो. पिवळा दिवा लागतो, गाडी ताकद कापते. पिकअपसाठी बसवलेल्या वस्तूनेच पिकअप गेला, असं गिऱ्हाईक माझ्यासमोर डोकं धरून बसलेलं असतं.

पावसाळ्याचं वेगळंच. काही किटांत थंड हवेच्या नादात फिल्टर बंपरच्या मागे, पार खाली नेतात. आमच्याकडे पाऊस आठ-आठ दिवस तोंड दाखवत नाही आणि एका रात्रीत दुधना नदीवरचा पूल पाण्याखाली जातो. फिल्टर बुडाला की इंजिन पाणी ओढतं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. उलट बाजूने पाहा: फोर्सची गुरखा कारखान्यातूनच स्नॉर्केल घेऊन येते, खांबाला धरून छतापर्यंत गेलेली नळी. आपल्या एमआयडीसीतून सळई भरून निघणाऱ्या ट्रकांच्या केबिनमागे उभी नळी दिसते, तीही तीच. वर धूळ विरळ, वर पाणी नाही. हवेचं तोंड हलवायचंच असेल तर ते वरच्या दिशेने हलवण्यात अर्थ आहे.

कायद्याचंही सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या १८२-अ कलमात मालकाने केलेल्या नियमबाह्य बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. आरसीवर फिल्टरचा उल्लेख नसतो हे खरं. पण टर्बो गेल्यावर वॉरंटी मागायला जाल तेव्हा समोरचा आधी बोनेट उघडतो.

पिकअप खरंच कमी झाला असेल तर त्याची कारणं बहुधा फुकटात सापडतात. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतच्या रबरी होजला चीर, क्लँप ढिला, इंटरकूलरच्या पुढे चिखलाचा आणि किड्यांचा थर. फिल्टरला कॉम्प्रेसरने हवा मारून पुन्हा बसवायची सवय मोडा; कागद डोळ्याला न दिसेल असा फाटतो. ट्रकच्या जोड फिल्टरमधला आतला तर हवा मारायचा नसतोच, तो बदलायचा असतो. बाजारात डुप्लिकेटचा सुळसुळाट आहे, खोका हुबेहूब. दोन्ही शेजारी धरून घड्या मोजा, नकलीत कमी भरतात.

एवढं ऐकूनही ज्याला हौस करायची आहे त्याला मी सांगतो: डबा कंपनीचाच ठेव, त्यात बसणारा बिनतेलाचा फिल्टर घे, उघडा शंकू नको. पेट्रोल गाडी असेल तर उत्तम. बसवल्यावर महिनाभर नेहमीच्या रस्त्यांनी फिर, मग फिल्टर आणि टर्बो यांच्यामधली नळी सोडव आणि आतून पांढऱ्या फडक्याने पूस. फडकं तेलकट आलं तर एक वेळ चालेल. बोटांत चोळून करकर लागली, तर जुना कागदी फिल्टर त्याच दिवशी परत बसव.